हैबतची चूल

दोष हैबतराव पाटलाचा. नदीचा नाही, देवीचा नाही, नक्षत्रांचा तर मुळीच नाही. गावातले जाणते अजूनही नदीवरच ढकलतात, कारण नदी उलटून बोलत नाही.

वाघजाळीला पूल नव्हता, घाट नव्हता आणि जांभळी नदी मनाला येईल तशी वाहायची, तेव्हाची ही गोष्ट. गाव टेकाडावर दाटीवाटीनं बसलेलं. पाटलाची एकुलती लेक सारजा लांब दिलेली. तिला जवळ आणायचं, जावयाला घर बांधून द्यायचं, हे हैबतरावाच्या मनानं घेतलं. टेकाडावर जागा नव्हती. खाली नदीकाठची सपाट मळई मोकळी पडली होती. तिथं नवी आळी वसवायची आणि पहिलं घर लेकीचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

गावाची एक रीत होती. नव्या जागेवर कच्च्या मातीची चूल मांडायची. पावसानं भिजू नये म्हणून वर छप्पर घालायचं आणि पावसाळाभर तिला हात लावायचा नाही. खालून पाणी चढलं तर चूल विरघळणार. दसऱ्याला उभी दिसली तरच घर बांधायचं.

हैबतरावानं चूल मांडली. मग म्हणाला, "नदीच्या दारात बसायचं आणि तिला घास द्यायचा नाही?"

सारजा माहेरी आलेली होती. ती म्हणाली, "आबा, ही पेटवायची नसते."

"तू जन्मायच्या आधीपासून मी चुली मांडतोय. गप बस."

दिवसभर त्या चुलीवर नैवेद्य शिजला. चिंचेची लाकडं धडधडली. पंच पुरणपोळ्या रेटत बसले. संध्याकाळपर्यंत चूल भाजून विटेसारखी लाल झाली.

दसऱ्याला सगळे बघायला गेले. चूल उभी! सारजानं आत हात घातला.

"आबा, गाळ आहे. ओला आहे अजून."

"छपरावरची माती गळाली असेल."

"गवताच्या छपरावर माती कुठून आली?"

भाऊबा पंचानं मिशीवरून हात फिरवला. "चूल उभी आहे ना पोरी? मग जागा चांगली. रीत ती रीत." बाकीच्यांनी माना हलवल्या. गाळ सगळ्यांनी पाहिला होता.

आळी वसली. पुढच्या भाद्रपदात, भर दुपारी, जांभळी आपल्या मळईवर आली. घरं बत्ताशासारखी विरघळली. धडधाकट माणसं पळत टेकाडावर पोचली. सारजा बाळंतीण होती. तिला खाटेसकट उचलायला जावई आत शिरला, आणि भिंत बसली.

हैबतराव टेकाडावरून बघत होता. असं म्हणतात, की त्या गढूळ पाण्याच्या तळाशी चूल निखाऱ्यासारखी लाल दिसत होती आणि पाण्यातून धूर निघत होता. असं म्हणतात, की पुराच्या त्या घोंघाटात पोळी भाजल्याचा वास टेकाडावर आला आणि पंच जागच्या जागी ओकले.

पाणी उतरलं. आळीचा मागमूस नव्हता. चूल उभी होती. हैबतराव पहार घेऊन तिच्यावर तुटून पडला. पहार वाकली, चुलीचा टवकाही उडाला नाही. मरेपर्यंत तो रोज तिथं जाऊन घाव घालत राहिला, असं म्हणतात.

आजही वाघजाळीत घर असो, गोठा असो, नाहीतर तालुक्याच्या बिल्डरनं पाडलेले प्लॉट असोत, आधी हैबतची चूल मांडावी लागते. तिथं काडीपेटी न्यायची नाही. दसऱ्याला गाळ बघायला घरातली लेक जाते, आणि ती बोलेपर्यंत म्हाताऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. म्हातारे चरफडतात. चरफडू देत.

हैबतरावाची लेक गेली, जावई गेला, बारसं न झालेला नातू गेला.