शेजारच्या छपराची घागर

फार वर्षांपूर्वी आपल्या कुसळवाडीत कौलं नव्हती, पत्रा तर कुणी बघितलाही नव्हता. डोंगराच्या पायथ्याला घरांच्या दोन समोरासमोर रांगा होत्या, आणि सगळी घरं गवतानं शाकारलेली. त्या वाडीत भिवराआक्का राहायची.

उन्हाळ्यात डोंगर पेटायचा आणि ठिणग्या उडत खाली यायच्या. एका वर्षी माणसं घागरी घेऊन धावली, पण जो तो आपल्याच छपराखाली जाऊन उभा राहिला. छपराखाली उभं राहून छपराचा माथा दिसतो होय? निम्मी वाडी जळाली. आक्काचं घरही गेलं.

नवं घर शाकारलं आणि आक्का दारोदार फिरू लागली. म्हणायची, "शिमगा झाला की दारात भरलेली घागर ठेवा. पण ती आपल्या घराची नाही, समोरच्या छपराची."

समोरचा हैबती हसायचा. "आक्का, माझं जळू दे नि तुझं भिजू दे, असंच ना?"

"अरे मुडद्या, तुझ्या डोक्यावर कावळा बसला तर तुला दिसतो का? समोरचाच सांगतो ना?"

लोक हसले, पण घागरी भरून ठेवू लागले. आक्काच्या तोंडाला कोण लागणार!

मग एका चैत्रात भर दुपारी वारं सुटलं. असं म्हणतात, त्या दिवशी अख्खा डोंगर उठून वाडीवर चालून आला. धुरानं सूर्य तांबडा झाला. आक्काची लेक झऱ्यावर गेलेली, आणि तान्ही नात घरात झोळीत झोपलेली. आक्का दाराशी होती.

आणि माणसं घाबरली की व्हायचं तेच झालं. जो तो घागर उचलून आपल्याच घराकडे वळला.

"वर नका बघू!" आक्का ओरडली. "समोर बघा, समोर!"

एवढ्यात हैबतीच्या छपरावर निखारा पडला. आत त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. हैबती खाली उभा, त्याला काही दिसेना. आक्काच्या मागे झोळी, पुढे पेटतं छप्पर. धावत आत जावं, पोरीला छातीशी धरावं, असं तिला वाटलं नसेल का? कुठल्या बाईला नाही वाटणार? पण तिनं घागर उचलली, रस्ता ओलांडला आणि हैबतीच्या छपरावर पाणी फेकलं. असं म्हणतात, त्या एका घागरीतून पाणी येतच राहिलं, येतच राहिलं.

आता तिची पाठ तिच्या घराकडे होती. आणि तिच्याच छपरातून धूर निघाला.

हैबतीनं तो बघितला. ओरडला, "आक्का, तुझं मला दिसतंय!" आणि आपली घागर घेऊन धावला. ते ऐकून सगळी वाडी भानावर आली. "दिसतंय! दिसतंय!" म्हणत इकडची माणसं तिकडे धावली, तिकडची इकडे. झऱ्यापासून बायकांची रांग लागली, घागरी हातोहात वर चढू लागल्या. असं म्हणतात, आगीनं वाडीभोवती फेरा घातला, पण तिला एकही कोरडं छप्पर सापडेना. शेवटी दमून ती ओढ्यात उतरली आणि विझली.

लेक धापा टाकत आली, तेव्हा पोर झोळीत अंगठा चोखत होती. आणि हैबती झोका देत होता, भुवया जळालेल्या, काळाठिक्कर! आक्का पोट धरून हसली.

आता आपल्याकडे स्लॅबची घरं आहेत. पण चैत्रात एका दुपारी अजून आगीची तालीम होते, तिला भिवराआक्काची हाक म्हणतात. कुणी बादली घेतं, कुणी पाइप, कुणी दोरखंड, आणि समोरच्या दारात जाऊन उभं राहतं. कुठल्या घरात आजारी कोण, तान्हं कुणाचं, सिलिंडर कुठं, सगळं त्या घराच्या समोरच्यालाच विचारतात. पूर येवो, वादळ येवो, तेव्हाही तसंच. मग टोकापासून टोकापर्यंत हाका जातात, "दिसतंय!"

आणि ज्या दारातून हाक येत नाही, तिथं सगळी वाडी धावत जाते.