नाचणीचे घर

पूर्वी अश्मक देशातल्या पोटली नगरीत राजा सुनंद राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने ओढ्याकाठच्या रानात नाचण पक्ष्याच्या कुळात जन्म घेतला होता. नाचण म्हणजे मूठभर जीव. शेपटीचा पंखा उघडायचा, मिटायचा, फांदीवर गिरकी घ्यायची, आणि गाणे अर्धे सोडून पुन्हा नाचायचे. एवढ्यावर त्याचा संसार चाले.

त्या नगरीत नंदिय नावाचा कापडव्यापारी राहत होता. वासुलाशी लग्न होऊन त्याला एक हिवाळा सरला होता. वासुला मीठबाजाराच्या गल्लीत वाढलेली. तिला पाखरे ठाऊक ती दोनच, कावळा आणि चिमणी. फाल्गुन लागला, पळस फुलले, आणि नंदिय रोज पहाटे उठून रानाकडे चालू लागला. परते तेव्हा धोतराला कुसळे आणि चेहऱ्यावर उजेड. दुकानातून येताना तो उजेड कधी नसे, हे वासुलाने मनात टिपून ठेवले.

जेवताना तो आईला सांगे, "आज नाचण दिसली. काय तिचा नखरा, आई! सातभाई आले कलकलाट करीत, पण कोतवालानं असं पिटाळलं त्यांना!"

"तुझ्या वडिलांनाही हेच वेड," सासूबाई म्हणत, आणि वर हसत.

भाकरी थापता थापता वासुलाचा हात थांबे. म्हणजे एक नाचणारीण आहे. तिला सात भाऊ आहेत. प्रकरण कोतवालापर्यंत गेले आहे. आणि हे घराणेच तसले! विचारले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण नव्या सुनेने विचारायचे नसते, आणि मत्सर तर कधीच विचारत नाही. त्याला सगळे आधीच ठाऊक असते.

तिने हळदी रंगाचे लुगडे नेसून पाहिले. नंदिय खूश होऊन म्हणाला, "वा! अगदी हळद्या दिसतेस!" वासुला आत गेली आणि घंगाळातल्या पाण्यात वाकून, कावीळ झाली की काय म्हणून डोळे तपासत बसली. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडले. नंदिय मुकाट्याने जेवला. हा मुकाटपणाही तिने त्या दुसरीच्याच खात्यावर मांडला.

मग एकदा तो म्हणाला, "तिनं घर बांधलंय, ओढ्याच्या वळणावर. मी लांबूनच बघतो. जवळ गेलं तर सोडून जाईल बिचारी."

नखरा तिने गिळला होता. 'बिचारी' मात्र घशात अडकले.

सकाळी खापरात विस्तव घेऊन निघालेल्या बाईला कोणी हटकत नाही. शेजारून चूल पेटवायला नेत असेल, असेच वाटते. वासुला पदराआड निखारे झाकून ओढ्याच्या वळणावर पोचली. घराला काडी लावायची, एवढेच ठरले होते. पण तिथे ना झोपडी, ना माणूस. वाळलेले गवत, एक करंज, आणि कुठूनसा मंजुळ, अर्धवट सूर. कोणाचे घर जाळायचे तेच सापडेना, तेव्हा ती करंजाखाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडू लागली. खापर कलंडले. गवताने निखारा उचलला आणि वारा त्याच्या मदतीला आला.

बोधिसत्त्व त्याच करंजाच्या बेचक्यातल्या घरट्यात अंडी उबवीत होता. त्याची सोबतीण ओरडली, "धूर! त्या बाईनं आणला विस्तव! आपलं घर जाळायला आली ती!"

बोधिसत्त्व म्हणाला, "घर जाळायला आली असेल, पण ती स्वतः जळतच आलीय. तिच्या मागं आग आहे आणि डोळ्यांवर पदर."

"आणि ही अंडी?"

"अंडी उचलून नेण्याएवढं बळ तुला नाही, मलाही नाही. तिला मात्र पाय आहेत."

असे म्हणून त्याने घरट्याकडे एकवार पाहिले आणि तो वासुलाच्या मस्तकावर झेपावला. चोचीने केस ओढले. ती दचकली. पाहते तो भोवती धूर, आणि समोर एक टीचभर पाखरू शेपटीचा पंखा उघडून नाचते आहे. ते दोन हात पुढे जाई, वळे, गिरकी घेई, तिची वाट पाही. हिरव्या लव्हाळ्यातून त्याच्या मागे मागे ती पाण्यात उतरली. मागे करंज धडाडून पेटला.

धूर पाहून नंदिय धावत आला आणि भिजल्या उपरण्याने गवत झोडपू लागला. आग निवाली तेव्हा तो मटकन खाली बसला. "नाचणीचं घर गेलं गं!"

"कुठली नाचण?"

"ती काय, लव्हाळ्यावर!"

"ही?" वासुला म्हणाली. "आणि... तिचे सातभाई?"

त्याने बोट दाखवले. बाभळीखाली मातकट पाखरांची टोळी भांडत होती. शेंड्यावर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल बसला होता, आणि पलीकडच्या फांदीवर पिवळाधमक हळद्या. वासुलाला हसू फुटले. मग करंजाखालची, वाटीएवढ्या घरट्याची राख दिसली आणि ते हसू विझले.

"विस्तव मी आणला होता," ती म्हणाली.

नंदियने राखेकडे पाहिले. मग त्याने तिच्या पदराचे जळके टोक मुठीत धरले आणि म्हणाला, "उद्यापासून तूही चल."

चैत्रात बोधिसत्त्व त्यांच्या परसातल्या लिंबावर नवे घरटे विणू लागला. नाचण कोळिष्टकांनी घरटे बांधते. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, परसाच्या भिंतीवरची जळमटं दिसत नाहीत काय?"

"दिसतात, सासूबाई," वासुला म्हणाली. "ठेवलीत."

वर्षावासात विहारात ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाची वासुला म्हणजे त्या खांबापाशी पतीकडे पाठ करून बसलेली ती गृहिणी. नंदिय म्हणजे तिचा पती. सासूबाई या जन्मीही तिच्या सासूबाईच आहेत. आणि ती नाचण मी होतो."

ती गृहिणी हळूच मागे वळली आणि पतीला म्हणाली, "अहो, मग काल विहिरीवरच्या सुगरणीचं एवढं कौतुक चाललं होतं, ती कोण?"

जाळायला आलेल्यालाही पाण्याची वाट दाखवावी, तीच मैत्री.