अडकलं की काय करायचं?

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव भागोजी. अंगानं धट्टाकट्टा, मनानं लोणी, आणि डोक्यानं... जाऊ द्या, पुढे कळेलच. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. एकदा सांगा, जन्मभर तसंच करणार. कुठे करायचं, तेवढं विचारायचं मात्र राहून जाई.

त्याची थोरली बहीण वनिता हुशार. तालुक्याला जाऊन कॉम्प्युटर शिकलेली. शाळेनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप तिनं घरी आणला, त्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली आणि त्या डबड्यात जीव आणला. भागोजीचं पान तिच्यावाचून हलत नसे. सकाळपासून एकच पालुपद, "ताई, आता काय करू?"

वनिताचं लग्न ठरलं आणि भागोजीला रडू फुटलं. ताई गेली की आपल्याला सांगणार कोण? पण रडून काय होतंय! त्यानं ठरवलं, ताईची मंगलाष्टकं आपणच रचायची आणि कॉम्प्युटरवर लिहायची.

आई म्हणाली, "रच बाबा. पण लग्नात घोटाळा करू नकोस. एकुलती एक लेक आहे माझी. नीट सासरी जाऊ दे तिला."

"बरं," भागोजी म्हणाला.

त्यानं कॉम्प्युटरवरचा लिहायचा एडिटर उघडला, पहिली ओळ लिहिली, आणि एडिटर अडकला. कर्सर लुकलुकेना, अक्षर उमटेना. भागोजीनं सगळी बटणं दाबून पाहिली. ढोलकीवर मारावी तशी थापही मारली. मग हाक मारली, "ताई, हे बोलत नाही."

वनिता म्हणाली, "अरे, अडकलं की हात लावायचा नाही. गप्प बसायचं. आपोआप सुटतं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी शेळीची मान दाव्यात अडकली. शेळी बें बें करून ओरडू लागली. भागोजी तिच्यासमोर मांडी घालून गप्प बसला. शेळीचे डोळे पांढरे व्हायला लागले तरी हा बसलेलाच. आई धावत आली, विळ्यानं दावं कापलं.

"अरे शुंभा, बघत काय बसलास? अडकलं की विळा घ्यायचा आणि कापून मोकळं करायचं!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

संध्याकाळी पुन्हा मंगलाष्टक. दुसऱ्या कडव्याला एडिटर अडकला. भागोजी उठला, विळा आणला आणि कॉम्प्युटरची वायर कापून मोकळी केली. नशीब, दिवे गेलेले होते आणि डबडं बॅटरीवर चाललं होतं, नाहीतर भागोजीचंच मंगल झालं असतं.

वनितानं कपाळावर हात मारला. नवी वायर आणली आणि समजावलं, "हे बघ, तू गाणी उघडतोस, फोटो उघडतोस, सगळं तसंच ठेवतोस. मग ते अडकणार नाही तर काय! अडकलं की बाकीचं सगळं बंद करायचं. एकच चालू ठेवायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

मग केळवण आलं. पंगत बसली. विठू मामांनी बुंदीचा लाडू अख्खा तोंडात टाकला आणि तो घशात अडकला. मामा लालबुंद! भागोजी लगेच कामाला लागला. पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. वाढप्यांना थांबवलं. मग एकेकाच्या पुढचं ताट उचलू लागला.

"अरे, माझं श्रीखंड!" काकू ओरडल्या.

"काकू, सगळं बंद. फक्त मामा चालू."

मामी उठली आणि तिनं मामांच्या पाठीत असा धपका घातला की लाडू समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. "अरे ठोंब्या," मामी म्हणाली, "अडकलं की पाठीत धपका घालायचा!"

आता पुढे काय झालं ते सांगायला नको. एडिटर अडकला, भागोजीनं डबड्याला मागून धपका घातला, आणि डबडं टेबलावरून खाली. मामीचा हात भागोजीला पुरेपूर साधला होता.

नशिबानं डबडं अजून जिवंत होतं. शेवटी वनिता स्वतःच बसली. तिनं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहून एडिटर चालू केला, तशा त्याच्या तक्रारी सरसर खाली येऊ लागल्या. तिला दुखणं सापडलं. शुद्धलेखन तपासणारी एक जोडणी एडिटरला लावलेली होती. भागोजीचा प्रत्येक शब्द ती तपासायला जायची आणि तिथेच दम तोडायची. तिचाही काय दोष म्हणा! वनितानं ती जोडणी काढून टाकली आणि एडिटर पाण्यासारखा चालू लागला.

भागोजीनं आठही कडवी लिहिली. खुशीत एडिटर बंद केला. एडिटरनं विचारलं, ठेवायचं का? भागोजीला वाटलं, ठेवायचं कशाला, आता निघायचंच आहे. सगळी मंगलाष्टकं गेली. तो लहान पोरासारखा हमसून रडला.

वनितानं त्याचे डोळे पुसले. "वेड्या, पुन्हा लिही. आणि एवढं कायमचं लक्षात ठेव. निघायच्या आधी, जे मोलाचं असेल ते घरात ठेवायचं. हे बघ, पडद्यावर घराचं चित्र आहे ना, त्यात. न ठेवता निघालं की गेलं. परत येत नाही."

"परत येत नाही?"

"नाही."

ही शिकवण भागोजीच्या काळजात रुतली.

लग्न मात्र झकास झालं. मंगलाष्टकं ऐकून पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुठे अडकलं नाही, कुठे सांडलं नाही. आईनं देवाला हात जोडले. भागोजीला ताईसोबत पाठराखणीला तिच्या सासरी पाठवायचं ठरलं.

निघायची वेळ झाली. वाजंत्री जोरात वाजू लागली. नवरदेव पुढच्या गाडीत, बायका मागच्या गाडीत. आई मांडवात बायकांच्या गळ्यात पडून रडत होती. भागोजी इकडून तिकडे पळत होता, घामाघूम. पुढच्यांना वाटलं नवरी मागे बसली, मागच्यांना वाटलं पुढे बसली.

ड्रायव्हरनं विचारलं, "सगळं झालं का? निघायचं?"

"सगळं केलं," भागोजी म्हणाला. "निघा आता बिनघोर."

गाड्या नवऱ्याच्या गावी पोचल्या. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. पुढच्या गाडीतून नवरदेव उतरला. मागच्या गाडीतून बायका उतरल्या. सगळ्यात शेवटी भागोजी उतरला. गाड्या रिकाम्या झाल्या.

"अहो, आमची सून कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

भागोजी हसला. खिशातून किल्ली काढून दाखवली. "घाबरू नका. देवाच्या पाया पडायला ती आत गेली, तेव्हाच कुलूप लावलं. घरात ठेवूनच निघालोय. न ठेवता निघालं की परत येत नाही, तिनंच सांगितलंय."

सासूबाईंचा हात हवेत राहिला. सासऱ्यांचं तोंड उघडं ते उघडंच. नवरदेवाची पापणी लवेना. भागोजीनं एकेकाकडे नीट पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. सगळे अडकले.

त्याला ताईची पहिली शिकवण आठवली. तो तांदळाच्या मापाशेजारी मांडी घालून गप्प बसला, आणि ते आपोआप सुटायची वाट बघू लागला.