गुणाई कासारणीने शोधलेलं घर

बसा, नीट मांडी घालून बसा. आणि ते मांजर खाली ढकलू नका. गोष्ट त्याच्याच जातीची आहे, त्यालाही ऐकू दे.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या बोरपाण्याला रस्ता नव्हता आणि नदीवर पूलही नव्हता तेव्हा, इथे गुणाई नावाची एक कासारीण राहायची. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर टोपली, आणि पायी बारा गावं फिरायची. ठेंगणी होती, काळीसावळी होती आणि तोंडाने अशी फटकळ की पाटलाचीसुद्धा भीड ठेवायची नाही. पण हात मात्र लोण्यासारखा. असं म्हणतात, की तिने बांगड्या भरल्या तर बाईला कळायचंही नाही. बाई आपली गप्पा मारतेय तोवर डझनभर बांगड्या मनगटात. गुणाई अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायची आणि एवढंच म्हणायची, "हात सैल सोड गं. बाकी मी बघते."

एका चैत्रात ती बोरपाण्यातच येसूच्या घरी बसली होती. येसू ही कोंडिबा सुताराची सून, लग्नाला दोन वर्षं झालेली. गुणाईने तिचा हात धरला, दाबला, पुन्हा दाबला. हात काही सैल होईना.

"काय गं, मूठ आवळून बसलीयेस? सोनं लपवलंयस का मुठीत?"

तशी येसू रडायला लागली.

झालं होतं असं. येसूने माहेराहून एक मांजर आणलं होतं, भिंगरी नावाचं, तीन रंगांचं. ते मूळचं तिच्या आईचं. आई गेली, भावांनी वाटण्या केल्या, आणि येसूच्या वाट्याला हे मांजर आलं. तिनेही दुसरं काही मागितलं नाही. पण सासऱ्याला, कोंडिबाला, दमा होता. भिंगरी घरात आल्यापासून तो वाढला. वैद्याने नाडी बघितली, घर बघितलं, आणि सांगितलं की मांजराचे केस याच्या छातीला सोसत नाहीत, पावसाळ्याआधी मांजर बाहेर काढा, नाहीतर हा माणूस पावसाळा काढायचा नाही.

आता कोंडिबा वाईट असता ना, तर गोष्ट सोपी होती. पण तो बिचारा खोकत खोकत म्हणायचा, "राहू दे गं पोरी. दोन वर्षं कमी जगेन, त्यात काय एवढं." आणि येसू म्हणायची, "असं बोलू नका ना मामंजी." दोघंही रडायची, आणि भिंगरी दोघांच्या मध्ये बसून अंग चाटायची.

गावातल्या पुरुषांनी सल्ला दिला. काय देणार? पोत्यात घाल, नदीपलीकडे सोड, मांजर पाणी ओलांडून परत येत नाही. तेव्हा सगळे तसंच करायचे. पोत्यातल्या मांजराचं पुढे काय होतं, हे कुणी बघायला जायचं नाही.

गुणाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बारा गावांतली घरं मला ठाऊक आहेत. एकूणएक बाईचा हात माझ्या हातात येतो. तुझ्या भिंगरीला मी घर बघून देते."

तुम्ही म्हणाल, तिने स्वतःच का नाही ठेवलं? अहो, काचेच्या बांगड्यांचं घर ते! भिंगरी एकच दुपार तिथे राहिली आणि तीन माळा खाली आल्या. शिवाय गुणाई घरी असायची कधी?

तर गुणाईने विचार केला. सगळ्यांत भरलेलं घर कुठलं? तिच्या हिशेबी ते होतं तळवटच्या आडत्याचं. धान्याची कोठारं होती, दुभती जनावरं होती, उंदीर तर भरपूर. आणि त्या घरची सून, म्हणजे आडत्याची बायको सुभद्रा, महिन्याला बांगड्या भरून घ्यायची. दर महिन्याला डझनभर! एवढी हौस ज्या घरात आहे तिथे मांजराला काय कमी पडणार? गुणाई मनापासून खूश झाली. येसूने भिंगरीला टोपलीत घातलं, कान धरून तिला माहेरच्या चार गोष्टी सांगितल्या, आणि गुणाई टोपली घेऊन तीन कोस चालत गेली.

दोन महिने झाले. ज्येष्ठातलं ऊन होतं. गुणाई उंबऱ्यात बसून बांगड्या ओवत होती, आणि समोरून सुभद्रा आली. तीन कोस अनवाणी आली होती. पदरात भिंगरी. भिंगरीचा मागचा पाय लोंबत होता.

"मावशी," सुभद्रा म्हणाली, "हिला घ्या परत. त्या घरात हिला नका ठेवू. मी राहीन. मला सवय आहे."

गुणाईने मांजर बघितलं, मग सुभद्रेचा हात बघितला. मनगटात एकही बांगडी नव्हती आणि काचेचे ओरखडे ताजे होते. चार दिवसांपूर्वीच तर तिने डझनभर भरल्या होत्या!

आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. चार वर्षं सुभद्रा हसून सांगायची, "मावशी, वाढवल्या बघा सगळ्या," आणि गुणाई हसून नव्या भरायची. वर आशीर्वाद द्यायची, असंच भरलेलं घर राहू दे. त्या घरी हौस नव्हती. त्या घरी हात उगारला जायचा. बारा गावांत बांगडीची पारख सांगणारी बाई, आणि तिला एवढं कळलं नाही!

असं म्हणतात, की गुणाई त्या दिवशी उंबऱ्यात बसून मोठ्याने रडली. फटकळ बाई, तिला कुणी कधी रडताना बघितलं नव्हतं. "चार वर्षं तुझे हात माझ्या हातात होते गं," म्हणाली, "आणि मी फक्त माप बघत राहिले." मग डोळे पुसून उठली. "मांजराला आणलंस ते बरं केलंस. आता तूही आत ये. पाय धू. कुठे जायचं नाही."

सुभद्रा भिंगरीचा पाय बांधून तिला मांडीवर घेऊन बसली, आणि गुणाई बाहेर पडली. तिने पंचक्रोशीतल्या सगळ्या कासारांना निरोप दिला. तळवटच्या आडत्याच्या घरी कुणी बांगड्या भरायच्या नाहीत. नागपंचमी तोंडावर आली. त्या घरच्या सासवा, जावा, नणंदा, सगळ्या सवाष्णी, आणि नवी बांगडी कुणाच्या हातात नाही. सगळ्या गावाला कारण कळलं. शेवटी आडत्या स्वतः बोरपाण्याला आला, दारात हात जोडून उभा राहिला.

गुणाई म्हणाली, "माझ्याकडे कशाला हात जोडतोस? जिच्यावर उगारलेस तिच्यासमोर जोड. ती काय म्हणते ते ऐक, आणि ती म्हणेल तसं कर."

पुढे सुभद्रा परत गेली की नाही, यात दोन मतं आहेत. तळवटची माणसं म्हणतात गेली, आणि तिच्या बांगड्या पुढे वीस वर्षं टिकल्या. आपल्या बोरपाण्यात म्हणतात गेली नाही, गुणाईकडे धंदा शिकली आणि तिच्याबरोबर बारा गावं फिरली. मला दुसरं आवडतं, आणि गोष्ट मी सांगतेय.

पण भिंगरीचं घर राहिलंच होतं, आणि कोंडिबाला एव्हाना उशाला टेकून झोपावं लागत होतं. भिंगरी घरात नव्हती, तरी येसू रोज गुणाईकडे जायची, तिला कुशीत घ्यायची, आणि लुगड्याला केस घेऊन घरी यायची. घर ठरल्याशिवाय तिला राहवत नव्हतं, आणि सासऱ्याचा दमा काही थांबत नव्हता.

मग गुणाई उलटी चाल खेळली. गावोगाव जाऊन बायकांचे हात धरायची आणि विचारायची, "या बांगड्या कधी भरल्या?" कुणी म्हणाली संक्रांतीला, कुणी म्हणाली गेल्या पंचमीला. गुणाई मान हलवून पुढे जायची. बायका म्हणाल्या, म्हातारीचं डोकं फिरलं, हिला नवं गिऱ्हाईक नको झालंय.

असं करत ती डोंगरसुळ्याला पोचली. तिथे बकुळा तेलीण घाण्याशी बसली होती. हातभर तेल, आणि मनगटात सहा बांगड्या, इतक्या झिजलेल्या की रंग कुठला होता तेही कळेना.

"या कधी भरल्या गं?"

बकुळा विचारात पडली. "धाकट्याच्या बारशाला, वाटतं."

"आणि धाकटा केवढा?"

"तो काय, नांगर धरतोय."

गुणाईने टोपली खाली ठेवली. "अगं बये! तुझ्यासारखी सगळी गिऱ्हाईकं असती तर मी उपाशी मेले असते!" असं म्हणाली आणि तिने बकुळेच्या दोन्ही हातांचा मुका घेतला.

या खेपेला तिने मांजर टोपलीतून नेलं नाही. येसूला बरोबर घेतलं. भिंगरी येसूच्या कुशीत बसून गेली. दिवसभर तिघीजणी घाण्याच्या सावलीत बसल्या, जेवल्या. भिंगरीने घर हुंगलं, कोपरे हुंगले, लंगडत लंगडत घाण्याला जुंपलेल्या बैलाजवळ गेली आणि एकदम उडी मारून त्याच्या पाठीवर बसली. बैलाने नुसता कान हलवला आणि फिरत राहिला. बकुळा म्हणाली, "राहू दे. त्यालाही सोबत झाली."

निघायची वेळ झाली. येसूला उठवेना. तेव्हा गुणाईने तिचा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला. "हात सैल सोड गं." येसूने बैलाच्या पाठीवर डोळे मिटून बसलेल्या भिंगरीकडे बघितलं, आणि हात सोडला. गुणाईने तिची एक बांगडी न फोडता काढली आणि बकुळेच्या हातात भरली. बकुळेची एक झिजलेली काढून येसूच्या हातात भरली. म्हणाली, "येसू, आता भिंगरी या घरची झाली आणि तू तिचं माहेर. दर नागपंचमीला तिला भेटायला यायचं. आणि बकुळे, तू येसूला नाही म्हणायचं नाहीस."

असं म्हणतात, की त्या दिवसापासून कोंडिबाचा दमा शमला, आणि म्हातारा पुढे अकरा पावसाळे जगला. असं म्हणतात, की बकुळेच्या बैलाला पुन्हा कधी चाबूक लागला नाही. आणि भिंगरी वर्षभर घाण्यावर असायची, पण नागपंचमीला सकाळपासून बोरपाण्याच्या वाटेवर येऊन बसायची. तिला तिथी कोण सांगायचं, ते मला विचारू नका.

गुणाई गेली तेव्हा बारा गावांतली मांजरं कुंपणांवर, भिंतींवर ओळीने येऊन बसली होती. एकानेही आवाज केला नाही.

बोरपाण्यात आजही मांजर पोत्यात घालत नाहीत. द्यायची वेळ आलीच, तर कुशीत घेऊन जातात, दिवसभर बसतात, बांगडी बदलतात, आणि पंचमीला सायीची वाटी घेऊन भेटायला जातात. पण त्याआधी त्या घरच्या बाईचा हात हातात घेऊन विचारतात, या बांगड्या कधी भरल्या?

सुरुवातीला मांजरासाठीच विचारायचे. मग कुणाच्या तरी मनात आलं, मांजराला घर देताना आपण एवढं बघतो, आणि लेक देताना? गावाला लाज वाटली. तेव्हापासून आपल्या गावची माणसं स्थळ बघायला गेली, की पोहे नंतर खातात. आधी बाई उठते, आत जाते, आणि त्या घरच्या थोरल्या सुनेचा हात धरते.

माझ्या आईनेही धरला होता, माझ्या जावेचा. आधी तीन घरांत धरला आणि तिथून पोहे न खाता परत आली. चौथ्या घरी खाल्ले.

हा बघा माझा हात. या बांगड्या नातवाच्या बारशाच्या. बघा, रंग ओळखा बघू.