बांधावरचे हात

एकदा काय झालं, भर समुद्रात एक बेट होतं. बेटावर दोन भाषांची माणसं. भातवाले हजार, ताडवाले शंभर. मधे मोठा तलाव, पाणी सगळ्यांचं. बांध राखायचं काम ताडवाल्यांचं. रोज सकाळी ओल्या बांधावर तळहात टेकून उभे राहायचे. माती आतून थरथरली की हाताला कळायचं, बरं का. मग चिखल लिंपायचे.

मग नवा राजा आला. म्हणाला, "जिकडे हात जास्त, तिकडे माझा हुकूम."

एका सकाळी विचारलं, दरबारात भातवाल्यांचीच भाषा? हजार हात वर. दुसऱ्या सकाळी, चाकरी भातवाल्यांनाच? हजार हात. तिसऱ्या सकाळी, घाटावरचा ताडवाल्यांचा देव हलवायचा? पुन्हा हजार. वाईट केलं असं कुणाला वाटलंच नाही. मोजणी बरोबर होती ना!

मग एकदा वळ्ळी म्हातारीच्या हाताखाली बांध थरथरला. शंभर माणसांना आवरणार नाही एवढा. ती धावत दरबारात गेली. कारभारी म्हणाला, "म्हातारे, आमच्या भाषेत बोल." तिला कुठली यायला! तिनं ओली माती उंबऱ्यावर ठेवली. लोक हसले, "बघा, चिखलाचा नजराणा!"

तीन दिवस गेली ती. तीनदा तेच.

मग ताडवाल्यांनी बेट सोडायला होड्या काढल्या. वळ्ळीचा मुलगा म्हणाला, "आई, चल. इथं आपलं कोण आहे?"

"बांध आहे," ती म्हणाली, आणि राहिली. पण एवढ्या बांधाला दोन तळहात कसे पुरणार, बाळांनो?

बांध फुटला. शेतं वाहून गेली. मग राजा चिखल तुडवत वळ्ळीकडे आला. दोन्ही भाषा येणारा एक कोळी सोबत घेतला होता.

राजानं विचारलं, "मी विचारत होतो, तेव्हा तुमचे हात कुठं होते?"

वळ्ळी म्हणाली, "सकाळची वेळ, राजा. हात तुझ्या बांधावर होते. आणि वर केले असते, तरी शंभरच भरले असते."

राजाची मान खाली गेली. त्यानं दोन्ही तळहात मातीवर टेकले. वळ्ळीनं ते धरून नीट बसवले.

मग देव घाटावर परत आला. दरबारात दोन्ही भाषा बोलल्या जाऊ लागल्या. बांधावर भातवालेही उभे राहू लागले. बऱ्याच होड्या परतल्या, माणसं सुखानं राहिली.

वळ्ळीच्या मुलाची होडी? ती नाही रे आली अजून. वळ्ळी वाट बघते.

चला, हात पांघरुणात घ्या. डोळे मिटा.