मथाईची पाटी

फार म्हणजे फार वर्षांपूर्वी, आडखोऱ्यात तीन सालं पाऊस फिरकला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात मथाई नावाची विधवा राहायची. मूलबाळ नव्हतं, पण अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल कोठारात, ज्वारी होती. असं म्हणतात, मथाईने स्वतःच्या हाताने उपसली तर ती सरतच नसे.

पण हात म्हातारे. दिवसाला दहा पाट्या उपसल्या की कंबर मोडायची. मग त्या दहा पाट्या द्यायच्या कुणाला, हा रोजचा घोर.

शहाणपण शिकवायला पाटील हजरच होते. "काकी, दान सत्पात्री पडावं. देवळाचा कळस चढवणाऱ्या पाथरवटांना द्या, गोसाव्यांची पंगत घाला. तुमचं नाव राहील." उरेल ते दारात येऊन मागेल त्याला, असं ठरलं. मथाईला पटलं. मागे कुणी नसलेल्या बाईला नावाचा मोह पडणारच.

गावाच्या टोकाला ठकू सुईण राहायची. मथाईच्या दारातल्या रांगेत उभं असलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्याच हातांनी जगात आलेलं. पण सुईणीने मागायचं नाही, पाळणा हलला की घरच्यांनी सूप भरून धान्य नेऊन द्यायचं, असा रिवाज. दुष्काळात पाळणे हलेनात. ठकूकडे सूप जाईना आणि ठकू रांगेत येईना.

"आली नाही, म्हणजे असेल तिच्याकडे," मथाई म्हणाली आणि विसरली.

कळस चढला, त्या दिवशी तिला ठकू आठवली. पाटी घेऊन ती गेली. चूल कितीतरी दिवसांची थंड. भांडी घासूनपुसून पालथी घातलेली. ठकू भिंतीला टेकून बसली होती. हाका मारल्या, पण ओ आली नाही.

"अगं, एकदा तरी मागायचंस गं!" मथाई किंचाळली. मग तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलं.

असं म्हणतात, घरी येऊन तिने पेवात डोकावलं, तर ज्वारी काठोकाठ. संपली असती तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने रांग मोडली. सकाळी ती देवळाच्या गच्चीवर चढायची आणि गाव न्याहाळायची. ज्या घरातून धूर निघत नसे, तिथे न मागता पाटी पोचायची. असं म्हणतात, शेवटी शेवटी तिचे पाय जमिनीला टेकत नसत, आणि पाटी तिच्यापुढे आपणहून चालायची. पण त्यानंतर मथाईला हसताना कुणी पाहिलं नाही.

तिचा नेम गाव अजून पाळतं. दर पौषात सरपंच गच्चीवर चढतात, धूर नसलेली घरं मोजतात आणि तिथे वाजतगाजत पाटी जाते. आता कालवा आला, ऊस आला, घरोघरी गॅस आला. धूर कुठल्याच घरातून निघत नाही, म्हणून पाटी सगळ्यांना मिळते. पहिली सरपंचांना.

धूर दिसतो तो फक्त माळावर उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या पालांतून. तिथे पाटी जात नाही. नेम म्हणजे नेम!