ढोल, धूर आणि थाळी

एक नाही, दोन राजे होते. मधे नदी. अलीकडचा ऐलराजा, पलीकडचा पैलराजा. दोघांकडे हत्ती मोजायला माणसं ठेवावी लागत. एवढं असून झोप दोघांनाही नव्हती. विनू, पाय काढ माझ्या अंगावरून.

ऐलराजाचे कान असे तिखट, की पलीकडे मुंगी शिंकली तर त्याला ऐकू येई. पैलराजाची नजर अशी, की अलीकडच्या चिमणीच्या चोचीतला दाणा त्याला दिसे. पण ऐकणं वेगळं आणि कळणं वेगळं, बरं का.

ऐलतीरी ठकुबाई राहायची. तिची लेक मालन पैलतीरी दिलेली. पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ठकुबाई होडी घेऊन तिला आणायला जाणार होती.

मग काय झालं, पलीकडे ज्वारी भरली. रानडुकरं हाकायला लोक ढोल बडवू लागले. ऐलतीरी ढोल वाजे तो फक्त लढाईचा. ऐलराजा ताडकन उठला. म्हणाला, "आले ते." आणि त्याने नदीवर हत्ती उभे केले.

पैलराजाला हत्ती दिसले. मग फाल्गुनात ऐलतीरी डोंगरउतारावर धूर दिसला. तो राब होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, तो. पैलतीरी भात पिकत नाही, तिथे राब कुणाला ठाऊक? पैलराजा म्हणाला, "सैन्याला जागा करतायत." त्याने नदीवर घोडे उभे केले.

मग दोघांनी हेर पाठवले. हेर खरं तेच सांगत आले. एक म्हणाला, "महाराज, डुकरं हाकतात." दुसरा म्हणाला, "महाराज, राब भाजतात." दोन्ही राजे म्हणाले, "तुला तसंच सांगणार ते." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

होड्या बंद झाल्या. ठकुबाई राजाकडे गेली. "महाराज, लेकीचे दिवस भरलेत. आणू द्या."

"होडीतून हेर येतील," राजा म्हणाला.

ठकुबाई घरी आली आणि खूप रडली. मग डोळे पुसले, काशाची थाळी आणि पळी घेतली, घोंगडी घेतली आणि भर दुपारी शिपाई जेवायला बसले तेव्हा होडी लोटली. पलीकडून लेकीला घेतलं आणि निघाली. मधोमध आली आणि मालनला कळा सुरू झाल्या. ठकुबाईने घोंगडीचा आडोसा केला.

पैलराजाला दिसलं, होडीत काहीतरी झाकलंय. ऐलराजाला ऐकू आलं, होडीत कुणीतरी कण्हतंय. दोन्ही काठांवर धनुष्यं ताणली गेली.

मूल झालं. पण रडेना. ठकुबाईने थाळी उचलली आणि पळीने बडवायला लागली. ठण, ठण, ठण. मग ते रडलं.

मूल जन्मलं की थाळी वाजवायची, ही चाल दोन्ही तीरांवर एकच होती. ऐलतीरीच्या एका शिपायाने धनुष्य खाली ठेवलं आणि ढालीवर हात मारला. मग शेजाऱ्याने मारला. पैलतीरीही ढाली वाजू लागल्या. ऐलराजाने इतकी वर्षं ऐकलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कळलं. पैलराजाला ठकुबाईचा हात वरखाली होताना दिसला, तेवढ्यावरून तोही समजला.

ऐलराजाने आपल्या हेराला बोलावलं. "डुकरं फार आहेत का रे तिकडे?"

"फार आहेत, महाराज."

पैलराजाने त्याच्या हेराला विचारलं, "राख रोपाला मानवते म्हणतोस?"

मग हत्ती गेले, घोडे गेले. सगळे नाही हं, दोन-दोन राहिले. राजेच ते. पण होड्या चालू झाल्या. मालन पोराला घेऊन माहेरी राहिली, मग सासरी गेली, मग परत आली. ढोल वाजला की ऐलराजा कूस बदलून झोपू लागला.

आता तुम्हीही झोपा. आणि स्वयंपाकघरात भांडं पडलं तर चोर चोर म्हणून मला उठवू नका. आधी मांजर आहे का ते बघा.